आयसीटीचा रकाना कसा भरावा

यंदा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या तमाम छात्राध्यापकांचं अभिनंदन. आंतरवासितेची, म्हणजे शाळेतल्या सरावाची, फाईल घेतलीत ना? जाड पुठ्ठ्याची घ्या, पातळ पुठ्ठा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. आता लवकरच तुमचा आयसीटीचा, म्हणजे माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान वापरून घ्यायचा, पाठ येईल. तो कसा घ्यायचा हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण ज्यांनी सांगायचं त्यांनी तो स्वतः कधी घेतलेला नाही. मी गेल्याच गुरुवारी घेतला. अनुभव ताजा आहे, वहीतली लाल शाईसुद्धा अजून वाळलेली नाही. तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवते.

सगळ्यात आधी साधन ठरवा. घटक मागाहून बघता येतो. टाचणाच्या वहीत उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्यापन पद्धती वगैरे झालं की ‘आयसीटी साधन’ नावाचा एक रकाना असतो. तो कोरा दिसला की निरीक्षकांना मिठावाचून पान वाढल्यासारखं वाटतं. म्हणून डावीकडचं मीठ आधी वाढून घ्या. वरण-भाताचं पुढे बघू.

पहिल्या वर्षाला तुम्ही टीपॅक शिकलाच असाल. मिश्रा आणि कोहलर यांनी 2006 साली मांडलेली ती तीन वर्तुळं: आशय, अध्यापनशास्त्र आणि तंत्रज्ञान. तिन्ही जिथे एकमेकांत मिसळतात तिथे शिक्षकाला कळतं की ह्या घटकाला हेच साधन का, आणि त्याला का नाही. आम्हाला हा भाग मॅडमनी अक्षरशः उतरवून दिला. खडूनं. वर्तुळं कंपासनं काढायला लावली. परीक्षेत पाच गुणांना येतो, रंगपेटी न्यायला विसरू नका.

पीपीटी करणार असाल तर कमीत कमी 30 स्लाइड हव्यात. पहिलीवर गुलाबाचं फूल आणि ‘सुस्वागतम’, शेवटचीवर ‘धन्यवाद’ आणि जोडलेले हात. मधल्या 28 स्लाइडवर पाठ्यपुस्तकातला मजकूर जसाच्या तसा टाका आणि मुलांकडे पाठ करून तो पडद्यावरून वाचा. मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर फारच छान. तो फॉन्ट शाळेच्या संगणकावर नसतोच, त्यामुळे ‘विद्युतधारा’ या शब्दाच्या जागी कंस, टक्के आणि डॉलर येऊन बसतात. मुलं गुणी असतात, तेही वहीत उतरवून घेतात. माझ्या वर्गातल्या एकानं डॉलर फार सुबक काढला होता.

टाचण एआयकडून करून घेतलंत तर ‘नक्कीच! खाली पाठ टाचण दिले आहे’ ही पहिली ओळ तेवढी खोडा.

कहूट, म्हणजे मोबाईलवरची प्रश्नमंजुषा, खेळायचं असेल तर चार मैत्रिणींना शेवटच्या बाकावर बसवा, कारण मोबाईल फक्त त्यांच्याकडेच असणार.

बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतो. तो मुलांना दुरून दाखवा. दीक्षा हे सरकारचं ई-शिक्षणाचं व्यासपीठ 2017 सालीच आलं आहे आणि मोबाईल शाळेत आणला की जप्त होतो, ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे गुण्यागोविंदानं नांदतात.

आता मुख्य दैवताकडे येऊ. पॅनेल.

मी जिथे जाते ती शाळा पेठेतली, अनुदानित, जुनी. तिसऱ्या मजल्यावर ‘डिजिटल खोली’ आहे. त्या खोलीत भलंमोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालणारा पडदा, आहे, त्याखाली देणगीदारांच्या नावाची पितळी पाटी आहे आणि वर झालर लावलेलं मखमली कव्हर आहे. खंडेनवमीला पॅनेलला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो. सगळ्या शाळेला ते जवळून बघायला मिळतं असा वर्षातला तो एकच दिवस. कुंकवाचं बोट उजव्या कोपऱ्यात अजून तसंच आहे आणि नेमका तिथेच स्पर्श लागत नाही. खोलीची किल्ली शिपाईमामांकडे. रिमोट पर्यवेक्षिकाबाईंच्या कपाटात. कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. आणि बाई मतदारयाद्यांच्या कामाला. मी आदल्या दिवशी बाईंना गाठून रिमोट मागून घेतला होता, एवढी मी शहाणी आहे. रिमोटमध्ये सेल नव्हते, ते घरच्या घड्याळातले काढून नेले. आमच्याकडे अजून सव्वानऊच वाजलेत.

तासिका 35 मिनिटांची. नववी ब ची 58 मुलं दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर नेण्यात आणि त्यांना चपला काढून आत बसवण्यात 9 मिनिटं गेली. चपला काढायच्याच, खाली गालिचा आहे. मग तार. माझ्या लॅपटॉपला जे भोक आहे त्याची तार तिथे नव्हती, आणि जी तार होती तिच्या जोगं भोक माझ्याकडे नव्हतं. शेवटी पेनड्राइव्ह लावला. त्यात 4 मिनिटं. पॅनेल सुरू झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पॅनेलनं स्वतःला अद्ययावत करायला घेतलं. ‘कृपया बंद करू नका.’ 4 टक्के. 5 टक्के. मुलं दहीहंडीचे थर मोजतात तशी एका सुरात टक्के मोजायला लागली. मी हसतमुख उभी होते, कारण ‘शिक्षकाचे व्यक्तिमत्त्व’ असाही एक रकाना आहे. आठ मिनिटांनी 37 टक्क्यांवर लाईट गेली.

गुरुवार होता, म्हणजे देखभालीसाठी लाईट जाण्याचा वार. पुण्यात राहून गुरुवारी विजेवरचा पाठ घेणारी मी मूर्ख, हे मला मान्य आहे. पण तारीख मी दिलेली नव्हती.

ह्यातून तुम्ही घ्यायचा धडा असा, की फोटो आधी काढा. जीपीएस कॅमेऱ्यानं. पॅनेलपुढे उभं राहायचं, एक बोट पडद्याला टेकवायचं, समोर पाच-सहा मुलं आणि कुतूहलाचा चेहरा. फोटोत अक्षांश येतात, रेखांश येतात, तारीख, वेळ, पिनकोड, सगळं येतं. पॅनेल चालू होतं की बंद, हे येत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं कव्हरसुद्धा अर्धंच काढलं होतं. तिला 20 पैकी 18.

मी मात्र शहाणपणा केला. तो तुम्ही करू नका, म्हणून सविस्तर सांगते.

घटक होता धाराविद्युत, त्यातला ओहमचा नियम, म्हणजे विजेचा दाब जितक्या पट, धारा तितक्या पट. मी फेटचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, दाखवणार होते. ते वाईट नाही हो. कार्ल वीमन यांना 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केलं. फुकट आहे, मराठीत आहे, आधी उतरवून घेतलं तर नेट नसतानाही चालतं. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि ते कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसणार नाहीत. तेवढ्यासाठी मी ते निवडलं होतं. पण लाईट गेली होती आणि 14 मिनिटं उरली होती. त्याच मजल्यावर प्रयोगशाळा आहे आणि तिची किल्ली मामांच्याच जुडग्यात होती. कपाटात दोन अमीटर, एक सेलची पेटी, टॉर्चचे बल्ब आणि मगरचिमटे असलेल्या तारा. धूळ होती, पण सगळं चालत होतं. ह्या कपाटावर झालर नव्हती.

पुढच्या टेबलाभोवती मुलं गोळा केली. एक सेल लावला. काटा 200 मिलीअँपिअरवर. मी म्हटलं, आता दोन सेल लावू, दाब दुप्पट, तर धारा किती? सगळा वर्ग ओरडला, चारशे! लावले. काटा 290 वर जाऊन थांबला.

मला घाम फुटला. सिम्युलेशनमध्ये चारशेच आलं असतं. नेहमीच येतं. तिथे सेल म्हातारा होत नाही, चिमटा सैल बसत नाही, आलेख रेघ मारल्यासारखा सरळ जातो. एक मुलगा म्हणाला, “बाई, ओहम चुकला का?” मी जोडण्या तपासायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं बल्बला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “बाई, हा तापलाय. आधीपेक्षा जास्त तापलाय.”

बल्बमधली तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून धारा दुप्पट होत नाही. नियमात ‘भौतिक स्थिती कायम असताना’ असं येतं. मुलं ते तोंडपाठ म्हणतात, मीही म्हणत आले. ती अट तिथे कशाला घातली आहे हे त्या दिवशी त्या मुलीच्या बोटाला कळलं, आणि तिच्यामुळे बाकीच्यांना. मी त्यांना सांगितलं की ओहम हा कोलोनच्या एका शाळेतला मास्तर होता. त्याच्या बॅटऱ्यांचा दाब टिकत नव्हता, आकडे हलायचे. तेव्हा त्यानं तांबं आणि बिस्मथ जोडून एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं, त्यातून स्थिर दाब मिळवला, आणि 1827 साली तो नियम छापून आला. घंटा झाली. बाहेर चपला घालताना दोघं भांडत होती, की बल्बऐवजी नुसती तार लावली असती तर चारशे आलं असतं का.

पाठ बघायला आलेल्या निरीक्षक मॅडमकडून वही परत आली ती अशी: ‘विषयज्ञान चांगले. वर्गनियंत्रण मध्यम. आयसीटीचा वापर: नाही. पाठ पुन्हा घ्यावा.’

मी विचारलं, “मॅडम, लाईट नव्हती.” त्या म्हणाल्या, “पर्यायी नियोजन हवं होतं.” म्हटलं, “तेच तर केलं.” तर म्हणाल्या, “पण ते आयसीटी नाही ना.”

बरं, युक्त्या पुरे झाल्या आता. त्या मजेच्या वाटेनाशा झाल्यात मलाच.

मॅडम, तुम्ही पाठ बघायला येता की रकाने बघायला? तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात आणि तुमचा अंगठा मोबाईलवर वर-खाली चालला होता. अख्ख्या तासात त्या खोलीत नीट चाललेलं आयसीटी साधन ते एकच. त्या मुलीनं बोट मागे घेतलं ते तुम्ही पाहिलंच नाहीत. 290 आकडा आला तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत. ‘वर्गनियंत्रण मध्यम’! 58 मुलं एका काट्याकडे बघून भांडत होती, त्याला तुमच्याकडे शब्द मध्यम?

आणि ज्यांनी हे सगळं ठरवलं त्यांना विचारायचं आहे. बी.एड. 2015 पासून एक वर्षाचं दोन वर्षांचं केलंत, ते कशासाठी? दुसरी फाईल भरायला? गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, स्ट्रॉ असल्या वस्तूंतून मुलांना वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, त्याचे व्हिडिओ करून ते फुकट ठेवले, मराठीतसुद्धा. 2018 साली पद्मश्री मिळाली त्यांना. कचऱ्यातलं खेळणं आणि ते जगभर पोचवणारा व्हिडिओ, तंत्रज्ञान शिक्षणात कसं वापरावं ह्याचा ह्याहून चांगला नमुना आपल्याच गावात आहे. आमच्या कॉलेजातून बसनं वीस मिनिटं. दोन वर्षांत एकदाही कुणाला तिकडे न्यावंसं वाटलं नाही. वर्तुळं मात्र तीन रंगांत.

आणि आपण? बंद पॅनेलला बोट लावून हसणारे आपण काय वेगळे आहोत? उद्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या कृपेनं कुठे चिकटलो तर आपणही झालरच शिवणार आहोत. मैत्रिणीला राग येईल, येऊ दे. 18 गुण मिळाले म्हणून तो पाठ होत नाही. त्या मुलांची 35 मिनिटं तू फोटोसाठी वापरलीस बाई, आणि मी पण लाईट असती तर त्या दिवशी बहुतेक नुसती सरळ रेघच दाखवून मोकळी झाले असते. पंधरा पावलांवर कपाट होतं आणि ते उघडायला मला लाईट जावी लागली, ह्याची लाज वाटते ती वेगळीच.

पाठ पुन्हा घ्यायचा आहे. तारीख मिळाली आहे. गुरुवार.

शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन दहा सेल, वीस टॉर्चचे बल्ब आणि दोन मीटर नायक्रोमची तार घेऊन आले. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणजे चपला घालताना जे भांडण झालं होतं त्याचा निकाल लागेल. सिम्युलेशनही पेनड्राइव्हवर आहे, इलेक्ट्रॉन दाखवायला. लाईट असली तर. एकूण 640 रुपये झाले. बिल फाईलला लावलंय, आयसीटीच्या रकान्यात.