'सडेतोड पुणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलं आहे)

सडेतोड पुणेकर यांस,

सप्रेम नमस्कार. (सप्रेम सवयीने लिहिलं गेलं, राहू देतो.) आपण टोपणनावाने लिहिता, त्यामुळे साहेब म्हणावं की बाई, हे कळायला मार्ग नाही. मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो, माझं घर कुठे आहे हेही बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा आपल्या दोघांत सडेतोड कोण, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी प्रभात रोडला एका मित्राच्या घरी जॅझ ऐकायला जमतो. गेल्या खेपेला तिथे एक वयोवृद्ध रेकॉर्ड निर्माते आले. सगळी हयात रेकॉर्डिंगच्या धंद्यात गेली, आता मुलीजवळ म्हणून पुण्यात राहायला आलेत आणि यापुढे दर महिन्याला येणार आहेत. आम्ही त्यांचं स्वागत केलं, मी त्यावर चार शब्द लिहिले. नाव छापू नका असं त्यांनीच बजावलं होतं, म्हणून छापलं नाही. त्यावर आपली प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

"ज्याला स्वतःला एक सूर वाजवता येत नाही अशा माणसाला पगडी घालून ओवाळणारे तुम्हीच!!! निर्माता म्हणजे पैसे लावणारा, बाकी काही नाही. 'काइंड ऑफ ब्लू'चे निर्माते टिओ मॅसेरो नव्हेत, अर्व्हिंग टाउनसेंड. पुण्यात आज जॅझ वाजवणारी मुलं आहेत, त्यांना तुमच्या बैठकीत कधी बोलावलंत? की मेलेल्यांच्याच रेकॉर्डी ऐकायच्या?"

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. घरातूनही "कशाला रक्त आटवताय" असा सल्ला मिळाला. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग आली ती त्या तीन उद्गारचिन्हांनी. एकाने भागलं नसतं का?

आधी पगडी. पगडी नव्हती, फेटा होता. पुण्यात राहून ज्याला पगडी आणि फेटा यांतला फरक कळत नाही त्याने स्वतःला पुणेकर म्हणवून घ्यावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. फेटाही विकत आणलेला नव्हता, माझ्या मुलाच्या लग्नातला होता आणि पाहुण्यांच्या डोक्याला तो सैल झाला. त्यांनी दोन मिनिटांत काढून मांडीवर ठेवला. ओवाळलं तर कोणीच नाही. तिथे एकूण चौदा माणसं, त्यांतल्या अकरांचे गुडघे दुखतात, तबक घेऊन उभं कोण राहणार?

आता टाउनसेंड. इथे आपलं बरोबर आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं रेकॉर्डिंग झालं तेव्हा काचेपलीकडे निर्माते म्हणून अर्व्हिंग टाउनसेंड होते. त्या दिवसांच्या टेपवर त्यांचा आवाजही ऐकू येतो. मॅसेरो यांचं नाव इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की माझ्या हातून तेच गेलं. पण जाता जाता एक सांगतो. त्याच रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ सुरापेक्षा किंचित चढी छापली गेली होती, कारण मार्चमधल्या त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. जगभरची मुलं रेकॉर्डबरोबर वाजवायला बसायची आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजायची. ते दुरुस्त झालं १९९२ साली. म्हणजे कंपनीला ३३ वर्षं लागली. माझी चूक आपण दोन दिवसांत काढलीत. आभारी आहे. मूळ लेखात नाव बदललं आहे.

आता मुख्य वाक्याकडे येतो. "ज्याला स्वतःला एक सूर वाजवता येत नाही."

हे वाक्य आपण कुणाला उद्देशून लिहिलंत? पाहुण्यांना वाजवता येतं की नाही हे आपल्याला माहीत असायचं कारण नाही, कारण लेखात मी ते कुठेही म्हटलेलं नाही. मला वाजवता येत नाही, हे मात्र मी इथे अनेकदा लिहिलंय. पेटी शिकायला म्हणून घातलं होतं, आठव्या दिवशी मास्तरांनीच घरी आणून सोडलं. तेव्हा बाण त्यांच्या नावाने सोडलात तरी तो कुठे लागावा हे आपल्याला बरोबर ठाऊक होतं, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

तरीही मुद्दा म्हणून घेऊ. निर्माता म्हणजे पैसे लावणारा, बाकी काही नाही. आपल्या एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींचं नाव आपण ऐकलं असेलच. १९६७ साली शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया या तीन तरुणांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड निघाली तिचे ते निर्माते. पैसे त्यांच्या खिशातले होते का? नोकरदार माणूस! आता आपण म्हणाल, जोशी स्वतः भावगीतं गात. बरं, मग न गाणारा, न वाजवणारा घेऊ. १९३९ मध्ये ब्लू नोट ही जॅझची रेकॉर्ड कंपनी सुरू करणारा आल्फ्रेड लायन हा बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेला माणूस, वादक नव्हे. तो रेकॉर्डिंगच्या आधी वादकांना तालमीचेसुद्धा पैसे द्यायचा. त्या काळी सगळेच देत नसत. म्हणजे पैसे लावत होता हे खरं, पण कशावर लावायचे हे त्याला त्याच्या कानांनी सांगितलं. त्याची कितीतरी रेकॉर्डिंग्ज रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात केली, आणि हा व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा. सूर वाजवता येण्याची अट लावली असती तर लायन दारातच अडला असता. (मॅसेरो यांना मात्र सॅक्सोफोन वाजवता येत होता, पण आता त्यांचं नाव घ्यायची मला चोरी झाली आहे.)

आणि जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचं 'ब्रिलियंट कॉर्नर्स' घ्या. १९५६ साल, रिव्हरसाइड कंपनी, निर्माता ऑरिन कीपन्यूज. या रचनेचं आवर्तन २२ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), आठ, सात, सात असं तुटलेलं, आणि दर दुसऱ्या आवर्तनाला लय दुप्पट. वाजवणारे कोण, तर सॉनी रोलिन्स, मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफोर्ड, अर्नी हेन्री. म्हणजे सगळे पट्टीचे. पंचवीस वेळा प्रयत्न केला, एकदाही अथपासून इतिपर्यंत नीट झालं नाही. शेवटी कीपन्यूजने वेगवेगळ्या टेकचे तुकडे कापून जोडले, आणि जे आपण ऐकतो ते तेच. पैसे लावणारा असता तर तीन टेकनंतर "चालतंय, पॅक अप" म्हणाला असता. स्टुडिओचं भाडं तासावर असतं, सडेतोड पुणेकर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. म्हणजे वरचं पुस्तकातूनच आहे, पण पुढचं नाही. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात मी उघड्या आकाशाखाली बसून ऐकलंय, परतीची गाडी चुकवलीय आणि व्हीटीच्या फलाटावर वर्तमानपत्र अंथरून झोपलोय. पिंपरीच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. आपण तेव्हा जन्मला होतात का, हे विचारत नाही.

आणि १९८४ साली मी स्वतः पैसे लावलेत. चार जणांचा बँड होता, गिटार, बेस, ड्रम आणि कॅम्पातले एक गोवेकर काका, ते ट्रम्पेट वाजवायचे. लग्नातबिग्नात वाजवून पोट भरायचे, पण एकटे असले की जे वाजवायचे ते ऐकत राहावं. त्यांची एक तरी कॅसेट निघावी म्हणून मी चार तासांसाठी एक स्टुडिओ घेतला. कुठला ते सांगत नाही. बोनसमधले सहाशे रुपये मोजले. स्टुडिओवाल्याने ड्रमवर गोधडी टाकली, बेससमोर एक माइक ठेवला आणि तो चहा प्यायला गेला. काकांनी डोळे मिटून वाजवलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांचा एक लांब सूर फाटला. त्यांना कळलं, मला कळलं, गिटारवाल्याला कळलं. गाणं संपल्यावर काकांनी ट्रम्पेट खाली घेतलं, ओठ रुमालाने टिपले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कसं झालं?"

मी म्हणालो, "मस्त."

सगळे "वा, वा" म्हणाले. पुढचं गाणं सुरू झालं. दीड तास शिल्लक असताना आम्ही वायरी गुंडाळल्या. घरी येऊन कॅसेट लावली तर बेस मुळीच नाही, गोधडीखालून कुणी पाट बडवतंय असा ड्रम आणि मध्यभागी तो फाटलेला सूर. काका पुढे आखातात गेले ते तिकडचेच झाले. त्यांचं वाजवणं माझ्याकडे एवढंच आहे. तेव्हा निर्माता म्हणजे पैसे लावणारा असं असतं, तर मी १९८४ सालीच निर्माता झालो असतो. पैसे होते, कानही होते. "पुन्हा घेऊ" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. का निघाले नाहीत? कारण मलाही तेच वाटत होतं जे आपण लिहिलंत. ज्याला एक सूर वाजवता येत नाही त्याने काकांना काय सांगायचं?

आमचे पाहुणे परवा आले ते दारातच थांबले. फेटाबिटा नंतर. आधी वर बघून म्हणाले, "पंखा बंद करता का?" एप्रिल महिना, चौदा माणसं, खोलीत भट्टी. केला बंद. मग "हा स्पीकर कोपऱ्यात कुणी सारला?" म्हणून स्वतः वाकून तो वीतभर पुढे ओढला. यजमानांची बायको तिथे फुलदाणी ठेवते, पण कुणी काही बोललं नाही. मग वर उल्लेख केलेली मंकची रेकॉर्ड लावली. ती माझीच आहे, जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगाखाली मिळालेली, कव्हरला उंदराने कुरतडलेली. ते जमिनीकडे बघत ऐकत होते. मध्येच त्यांनी एक बोट वर केलं. "इथं जोडलंय." पुन्हा खाली घातलं. ती रेकॉर्ड मी तीस वर्षं ऐकतोय. जोड आहे हे वाचून माहीत होतं, पण कुठे आहे हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. आम्ही परत सुई मागे घेतली, दोनदा. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं, किंवा आलं असं वाटलं.

त्यासाठी फेटा बांधला. आपल्याला तो जास्त वाटत असेल तर वाटो.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, तरुण वादकांचा. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन. खोली लहान आहे, ड्रम आणले तर खालच्या मजल्यावरचे आजोबा सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करतात, हे सगळं बाहेरून बोलणाऱ्याला कसं कळावं? आणि बोलावलं नाही असंही नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी सॅक्सोफोन घेऊन आली होती. चांगली वाजवायची. दोन गाणी झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, मग बेत ठरल्याप्रमाणे रेकॉर्ड लावली. ती नंतर आली नाही. आम्ही काही तिला येऊ नको म्हणालो नव्हतो. पाहुण्यांनी परवा नेमकं हेच विचारलं, "इथं वाजवायला कुणी येत नाही का?" मी विषय बदलला, कारण चहा आला होता.

"मेलेल्यांच्याच रेकॉर्डी" या शब्दांवर मी काही बोलणार नाही. घरात वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्यासमोर ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा. सॉनी रोलिन्सचं तर वर सांगितलेल्या रेकॉर्डिंगनंतर साठ वर्षांनीही लोक जिवंतपणी कौतुक करत होते, एवढं सांगतो. त्यातही चूक असेल तर दोन दिवसांत काढालच.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, तसं सुचवणारे तीन फोन आले तरी. पुढच्या बैठकीला यायचं असेल तर खालच्या पेटीत खरं नाव कळवा, पत्ता पाठवतो. त्या सॅक्सोफोनवाल्या मुलीला आपण ओळखत असाल, आपल्या लिहिण्यावरून तसं वाटतं, तर तिलाही सांगा. ड्रमवाल्याला नको. पाच म्हणजे पाच, सव्वापाचला दार लागतं. चपला बाहेर, मोबाइल बंद. चहा यजमानांचा, फरसाण ज्याने त्याने आणायचं. पाहुण्यांनीही आणलं होतं.