जो कर भरेल त्याच्या दारात स्थानक?

नमस्कार. माझ्या लाइट रेलवरच्या (म्हणजे शहरातल्या ट्रामसारख्या हलक्या रेल्वेवरच्या) लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लाइट रेलसाठी कर सगळा प्रदेश भरणार, मग ती दाट वस्तीतूनच न्या हा माझा आग्रह म्हणजे काठावरच्या गावांच्या पैशावर मध्यभागाची चैन. महामार्गाचा दुभाजक किंवा जुना रेल्वेमार्ग जवळपास फुकट मिळत असताना भर वस्तीतले रस्ते खणायचा हट्ट कशाला? आणि एवढ्या पैशात बस किती आल्या असत्या!

आधी माझी चूक. ‘एकदा मतदान झालं की पैशाचा वाद मिटतो’ असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे, आणि तुम्ही दिलेलं अमेरिकेतल्या डेन्व्हरचं उदाहरण त्यावर बिनतोड आहे. तिथे नोव्हेंबर 2004 मध्ये मतदारांनी रेल्वेजाळ्यासाठी 0.4 टक्के जादा विक्रीकर मान्य केला. बोल्डर आणि लाँगमाँट या शहरांना रेल्वे मिळणार होती. (ती लाइट रेल नव्हे, उपनगरी रेल्वे, पण पैशाचं गणित तेच.) 2016 मध्ये ती वाटेतल्या वेस्टमिन्स्टरपर्यंत आली आणि तिथेच थांबली. कर थांबला नाही. बोल्डरला त्याच वर्षी महामार्गावरून जलद बससेवा मिळाली. सेवा चांगली आहे, पण लोकांनी मत दिलं होतं ते रुळांसाठी. तिथल्या माणसाला ‘जरा धीर धरा’ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण मग उपाय काय? ‘जो भरेल त्याला मिळेल’ हा तुमचा नियम अमेरिकेतल्याच सिएटल भागात बऱ्यापैकी लागू आहे. 1995 मध्ये तिथला मोठा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, 1996 मध्ये लहान प्रस्ताव मंजूर केला. त्यात प्रदेशाचे पाच उपविभाग पाडले आणि ज्या उपविभागातून कर गोळा होतो, तो त्याच्याच फायद्यासाठी खर्च करायचा असं ठरलं. ऐकायला किती न्याय्य! आता पुढचं पाहा. सगळे उपविभाग वापरणार तो मधला बोगदा कोणाच्या खात्यात टाकायचा? ज्या उपविभागात कर कमी जमतो तिथली लोकं गाडीची जास्त वाट पाहणार, मग तिथे प्रवासी कितीही असोत. सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूत तर रूळ शहराच्या मध्यातून जमिनीवरून न्यायचे की बोगद्यातून, यावर बराच वाद झाला. शेवटी बोगद्याच्या जादा खर्चाचा वाटा शहराने उचलायचं कबूल केलं तेव्हा 2011 मध्ये तो सुटला. बेलव्ह्यू सधन आहे, त्याला ते जमलं. ज्या गावाची तिजोरी रिकामी, त्याने काय करायचं?

माझा मुद्दा हाच होता, कदाचित नीट मांडता आला नाही. मार्ग कागदावर अभियंता आखतो, पण त्याचा हात धरलेला असतो पैसे कुठून येणार त्या सूत्राने. सगळ्यांकडून मतं हवीत म्हणून सगळ्यांना स्थानक कबूल केलं की रेषा नागमोडी होते. प्रत्येक वळणाला मिनिटं जातात, आणि टोकाला राहणारा माणूस, ज्याच्यासाठी हा सगळा न्याय, तोच शेवटी कंटाळून स्वतःची गाडी काढतो. म्हणून मार्गाआधी पैशावर भांडा, असं मी म्हणतो. फ्रान्समध्ये 1970च्या दशकापासून सार्वजनिक वाहतुकीसाठी मालकांकडून पगारपत्रकावर कर घेतात; आता तो 11 किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना लागतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 2012 पासून कर्मचाऱ्यांना 11 किंवा अधिक पार्किंगच्या जागा देणाऱ्या मालकांवर वार्षिक आकार आहे आणि त्यातून ट्रामच्या पुढच्या टप्प्याला हातभार लागला. ज्यांच्या दारात कामगार आणून सोडले जातात, तेच भरतात. अशा वेळी काठावरच्या गावाला स्थानकाचं आमिष दाखवायची गरजच उरत नाही.

दुभाजकाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. लॉस एंजेलिसची ग्रीन लाइन ही लाइट रेल 1995 मध्ये सुरू झाली, बरीचशी 105 क्रमांकाच्या महामार्गाच्या मधून. स्थानकावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी गाड्यांचा घोंगाट. पायी पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यात घरं, दुकानं, शाळा हव्यात. इथे त्यातला मोठा घास महामार्गानेच खाल्लेला. वर ती विमानतळाच्या अलीकडूनच निघून गेली आणि प्रवासी जवळपास 30 वर्षं बस बदलत राहिले. जोडणारं स्थानक उघडलं 2025 मध्ये. जमीन स्वस्त पडली, हे खरंच.

जुन्या रुळांचं तसं नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराने 1992 मध्ये शहरातली ट्राम थेट मुख्य रेल्वेच्या रुळांवर चढवून ब्रेटन गावापर्यंत नेली. शहरात 750 व्होल्ट एकदिश (डीसी) वीज, बाहेर 15,000 व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी), आणि दोन्हींवर चालणारी एकच गाडी. स्टेशनावर उतरून गाडी बदलायचा त्रास गेला आणि प्रवासी कित्येक पटींनी वाढले. तेव्हा पडीक मार्ग जरूर वापरा, फक्त तो गावाबाहेरच्या गोदामापाशी संपत नाही ना, हे आधी बघा.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या ट्रामचे तुमचे आकडे बरोबर आहेत: 545 दशलक्ष पौंडांचा अंदाज, 776 दशलक्ष खर्च, तोही ठरल्यापेक्षा आखूड मार्गावर. पण ते ट्रामचं पाप नव्हे. रस्त्याखालच्या वाहिन्या हलवण्यातला गोंधळ, अर्धवट आराखड्यावर दिलेलं कंत्राट आणि मग कंत्राटदाराशी चाललेला तंटा, असा तो खड्डा आहे. गाळलेला न्यूहेवनपर्यंतचा तुकडा त्यांनी 2023 मध्ये पुरा केलाच. तरी तुमचा संशय रास्त आहे. फ्लुबिअर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा रेल्वेचे प्रकल्प अंदाजापेक्षा सरासरी सुमारे 45 टक्के महाग पडलेले दिसले. एकच गोळीबंद आकडा सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर मीही विश्वास ठेवत नाही.

बसबद्दल फार भांडत नाही. प्रवासी थोडे असतील तिथे बसच बरी. गर्दी इतकी वाढली की दर मिनिटाला बस सोडावी लागते, तेव्हा त्या एकामागे एक चिकटून येतात आणि चालकांचा खर्च डोक्यावर बसतो; रुळांचा विचार तिथून पुढे.

मतदानाने वाद मिटतो हे वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त करतो. तुम्हाला एक विचारायचं आहे, टोमणा म्हणून नव्हे. तुमच्या म्हणण्यातल्या काठावरच्या गावाला स्थानकाऐवजी दर 15 मिनिटांनी लाइट रेलला जोडणारी बस, तीही करारात लिहून आणि बंद पडली तर कर परत या अटीवर मिळाली, तर ते गाव मत देईल का?