पेट्रोलची आंघोळ म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचे आक्षेप दोन. स्विस घड्याळजी फिलिप द्युफूर यांच्या ‘सिम्प्लिसिटी’ या घड्याळावरच्या माझ्या लेखात हातकामाचं फाजील कौतुक आहे, ३०० रुपयांचं सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ त्याहून बिनचूक चालतं, हा पहिला. आणि २०१९ च्या महापुरात भिजलेलं वडिलांचं एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ सांगलीतच सर्व्हिसिंग करून घेतलं, तरी दिवसाला दोन मिनिटं पुढे पळतं, म्हणजे सर्व्हिसिंग ही निव्वळ लूट, हा दुसरा.

पहिल्यातलं निम्मं मान्यच आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, जनता सेकंदाला ५ ठोके देतं. अचूकतेची तुलनाच होत नाही. मशीनच्या भागांच्या कडांना दिलेला तिरपा चकचकीत उतारही फक्त देखणेपणासाठी असतो. गोल कटर आतल्या कोपऱ्यात शिरत नाही, तिथली धार हातानेच काढावी लागते, म्हणून जाणकार तिथे आधी बघतात. पिव्होट घोटणं मात्र नटवणं नव्हे. पिव्होट म्हणजे दांडीचं फिरतं टोक. बॅलन्सच्या, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या, दांडीचं हे टोक जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. ते दाबून घोटलं की पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत होतो, घर्षण घटतं, आणि घड्याळ आडवं-उभं ठेवल्यावर चालीत पडणारा फरक कमी होतो.

आता तुमचं जनता. घाण किंवा वाळलेल्या तेलाने घड्याळ बहुधा मंदावतं, अडतं. मिनिटांच्या हिशेबात पुढे पळायला लागलं की पहिला संशय हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगवर, घ्यायचा. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की कामाची लांबी कमी होते, स्प्रिंग ताठ होते आणि बॅलन्स लवकर परततो. चिकटण्याची नेहमीची कारणं दोनच, चुंबकत्व आणि तेल.

चुंबकत्व आधी बघा, ते स्वस्तात निघतं. घड्याळ साध्या होकायंत्राजवळ न्या. सुई जोरात ओढली गेली किंवा थरथरली तर शंका पक्की. डीमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व काढायच्या यंत्राचं) बटण दाबून ठेवून घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर उलट चुंबकत्व भरून बसतं.

तरीही पळत असेल तर मागचं झाकण उघडून दहापट भिंगातून बघायला सांगा. निरोगी हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी फुलते-मिटते, वेढ्यांमधली फट सगळीकडे सारखी दिसते. चिकटलेले दोन-तीन वेढे जोडीने हलतात, मध्ये तेलाची चकाकी दिसते. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, मशीन न खोलता अख्खं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि वरून तेल सोडलं. याचे पैसे घेणं चूकच, तुमचा राग रास्त आहे. पण ते सर्व्हिसिंग नव्हे.

सर्व्हिसिंगमध्ये मेनस्प्रिंगचा (चावीने ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण उतरवून बॅलन्स, पॅलेट (चक्रांना ठोक्याठोक्याने अडवणारा-सोडणारा आकडा) आणि चक्रं सुटी होतात, प्रत्येक ज्वेलचं, म्हणजे पिव्होट ज्यात फिरतो त्या खड्याचं, भोक टोकदार लाकडी काडीने साफ होतं. मग तेल, तेही मोजून : चक्रांच्या पिव्होटपाशी ज्वेलची वाटी निम्म्याहून थोडी जास्त भरेल इतकं, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडावर किंचित. पॅलेटच्या पिव्होटला तेल देत नाहीत, हेअरस्प्रिंगला तर अजिबात नाही. आणखी एक, पॅलेटचे खडे आणि बॅलन्सचा इम्पल्स खडा (पॅलेटकडून धक्का घेणारा) लाखेने बसवलेले असतात. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, खडा सरकतो आणि चांगलं घड्याळ बिघडतं. हे भाग बेन्झिनमध्येच (पेट्रोलियम नॅफ्थात, विषारी बेंझीनमध्ये नव्हे) धुवायचे.

दोन मिनिटं घालवायला कुणी बॅलन्सवरचा रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करायची दांडी) वजाकडे सरकवून देत असेल तर नको म्हणा. वेढे चिकटलेलेच राहतात, आणि सुटतील त्या दिवशी घड्याळ तितकंच मागे पडतं.

पुरात भिजलेलं आहे म्हणून डायलही उतरवायला लावा. चावीची दांडी आणि काटे जुळवायची यंत्रणा डायलच्या बाजूला असते, गंज तिथे बसतो आणि मागून उघडून नीट दिसत नाही. हेअरस्प्रिंगवरच गंजाचे ठिपके असतील तर धुऊन उपयोग नाही. एचएमटी वॉचेस २०१६ मध्ये बंद झाली, त्यामुळे दुसऱ्या जुन्या जनताच्या मशीनमधला बॅलन्स हेअरस्प्रिंगसकट घ्यावा लागेल. तो बसवल्यावर रोज एकाच वेळी चावी देऊन एक दिवस डायल वर, एक दिवस डायल खाली आणि एक दिवस चावी खाली ठेवून फरक लिहून ठेवा. ते तीन आकडे इथे कळवलेत तर पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.