त्याला कुरूप म्हणू नका

खोल समुद्रातल्या माशांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात ब्लॉबफिशला ‘जगातला सर्वात कुरूप मासा’ म्हटलंय ते मनाला लागलं. तो ६०० ते १२०० मीटर खोल राहतो. तिथल्या प्रचंड दाबासाठीच घडलेलं त्याचं जेलीसारखं अंग जाळ्यातून वर ओढल्यावर सैल पडतं. खाली तो चारचौघा माशांसारखाच दिसतो हो! आम्ही सोलापूरकर समुद्रापासून लांब. माझ्या लेकीने काल जेवताना लेखातला त्याचा फोटो पाहिला, कडक भाकरीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाली, “पप्पा, याला कोणी मारलं का?”

आणि २०२२ मध्ये जपानजवळ ८,३३६ मीटर खोलीवर कॅमेऱ्यात टिपलेला स्नेलफिश हा मासाही लेखात हवाच होता. एवढ्याशा जीवाचं ते निवांत पोहणं बघून अंगावर काटा येतो.