एका रात्रीत नवा कार्बोरेटर? त्या सल्ल्यात काय खरं, काय घातक

जुन्या मोटारसायकलींसाठी एक सल्ला हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. स्क्रू अडकला तर डब्ल्यूडी-40 मारून जोर लावा, तरी नाही निघाला तर गॅसच्या ज्योतीवर तापवा. जेटमधून, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, तार फिरवा. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसेल ती टाका, गळलंच तर सिलिकॉन लावा. शेवटी एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडा. गाडी पहिल्या किकला चालू!

चालू होईलही, म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो. कार्बोरेटरमध्ये तीन गोष्टी बिघडतात: घाण साचते, रबर मरतं आणि धातू झिजतो. घाण काढता येते, रबर बदलता येतं, पण झिजलेला धातू सहसा परत मिळत नाही. या सल्ल्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी नेमका धातूच खाते. तीस-चाळीस वर्षं टिकलेली बॉडी एका रात्रीत भंगारात जाते, आणि अशा कित्येक बॉडी आता नव्याने मिळत नाहीत.

"रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सगळी घाण सुटते"

बहुतेक जुन्या कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, काहींची ॲल्युमिनियमची. व्हिनेगर म्हणजे साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड. जस्त त्यात टाकलं की बुडबुडे येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं घाण निघतेय. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. जस्त विरघळतंय, याची ती खूण आहे. सकाळी बॉडी काळपट आणि खरखरीत झालेली दिसते. पितळी जेट गुलाबी पडले असतील तर पितळेतलं जस्तही गेलं, असं समजायचं.

शिवाय उभ्या गाडीत पेट्रोल सुकून जो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो, तो व्हिनेगरने विरघळत नाही. त्याला कार्ब क्लीनरसारखा सॉल्व्हंटच लागतो. या सल्ल्यातलं अर्धसत्य एवढंच की बाऊलच्या (खालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाशी पाण्यामुळे जमणारी पांढरी पूड आम्लाने सुटते. त्यासाठी सौम्य आम्लात पाच-दहा मिनिटं, तीही डोळ्यांसमोर, पुरेशी आहेत. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, साध्या पाण्याने धुवायचं आणि हवा मारून लगेच कोरडं करायचं.

खरी सफाई सगळे भाग सुटे केल्यावरच होते. रबराचा प्रत्येक तुकडा आधी बाहेर. मग प्रत्येक भोकात क्लीनर मारून तो दुसऱ्या कुठल्या भोकातून बाहेर येतो ते बघायचं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण धार उलटी फिरून थेट डोळ्यात येते. तरी एखादी वाट बंदच राहिली तर अल्ट्रासॉनिक टाकीत, 50 ते 60 अंशांच्या कोमट पाण्यात, सौम्य डिटर्जंट घालून दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या द्यायच्या.

"स्क्रू अडकला तर स्प्रे मारून जोर लावा"

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थांबून सांगतो.

स्क्रू पोलादी, बॉडी जस्ताची. मध्ये ओल शिरली की जस्त गंजतं, आणि तो गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधली फट गच्च भरून जाते. तुम्ही जोर लावता तेव्हा तो आधी डोक्याच्या खाचेवर येतो, आट्यांवर नाही. खाच गेली की पुढचं काम दसपट अवघड.

खाच जाण्याचं पहिलं कारण बहुतेकदा चुकीचा पेचकस असतो. जपानी कार्बोरेटरचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्सचे नसून जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपकाही दिसतो. फिलिप्सचं टोक त्या खाचेत पूर्ण खोल बसत नाही, त्यामुळे जोर दिला की ते वर उसळतं आणि कडा खातं. बाऊलचे स्क्रू बहुधा 4 मिमीचे असतात, त्यांना जेआयएस 2 नंबरचा पेचकस घ्यायचा. आधी टाचणीने खाचेतली माती काढा. पेचकस उभा ठेवल्यावर डुगडुगत असेल तर फिरवूच नका.

डब्ल्यूडी-40 वाईट नाही, पण त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. मुरण्यासाठीच बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल या कामाला जास्त चांगलं. त्याहून महत्त्वाचा आहे वेळ. मारलं आणि लगेच फिरवलं, तर काहीच मारलं नाही असं समजा. संध्याकाळी दोन थेंब, सकाळी दोन थेंब, मग हात लावायचा.

क्रम असा ठेवा. कार्बोरेटर गाडीवरून काढून पेट्रोल पूर्ण ओता आणि वास जाईपर्यंत उघड्यावर ठेवा. कार्बोरेटर उलटा करून, बाऊल वर ठेवून, लाकडी ठोकळ्यावर असा टेकवा की ठोक्याचा भार थेट खाली जाईल. पेचकस खाचेत बसवून त्याच्या मुठीवर छोट्या हातोडीने पाच-सहा कोरडे, नेमके ठोके द्या. याने गंजाची पकड तडकते. मग आधी किंचित *आवळण्याच्या* दिशेने, नंतर सोडण्याच्या. थोडा हलला की एकदम काढू नका. पाव फेरा पुढे, पाव मागे, मध्ये तेलाचा थेंब. भुकटी झालेला गंज तेलाबरोबर बाहेर येऊ द्या. मोठा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि जड हातोडा इथे नको, बाऊलची कड किंवा स्क्रूचा उंचवटा तडकतो.

"नाहीच निघाला तर गॅसवर तापवा"

तापवणं बरोबर आहे, ज्योत चूक आहे. या जस्त मिश्रधातूचा वितळबिंदू साधारण 385 अंश, आणि त्याच्या कितीतरी आधी तो नरम पडतो. गॅसची ज्योत याच्या खूप वर असते. त्यात पेट्रोलची वाफ आत उरली असेल तर पुढचं सांगायला नको.

लागते फक्त 110-120 अंशांची उष्णता, आणि ती हॉट एअर गनने द्यायची. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की बस. जस्त पोलादापेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. 4 मिमीच्या भोकात शंभर अंशांना सुमारे 6 मायक्रॉनचा फरक पडतो. ऐकायला नगण्य वाटतो, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, पुष्कळदा प्लास्टिकचा, आणि बाऊल उघडल्याशिवाय तो काढता येत नाही, म्हणून गन फक्त स्क्रूच्या उंचवट्यावर धरा. गन बंद करून हात लावता येईल इतकं निवलं की मगच तेल सोडा. निवताना ते आत ओढलंही जातं आणि पेटण्याची भीतीही राहत नाही.

डोकं गुळगुळीत झालंच असेल तर लॉकिंग पक्कड डोक्याच्या कडेला आडवी धरून फिरवा. पक्कड धरत नसेल तर 4 मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. ताण गेला की बाऊल वर निघतो आणि पाच-सहा मिलिमीटरचा खुंट उभा राहतो. तो पुष्कळदा बोटांच्या जोरानेही फिरतो, कारण आवळलेलं डोकंच त्याला धरून होतं. खुंट आतच तुटला तर हातातल्या ड्रिलने प्रयत्न करू नका. पोलाद कडक, जस्त मऊ, त्यामुळे ड्रिल घसरून जस्तातच शिरतं. स्टँडवरच्या ड्रिलने, नेमका मध्यबिंदू मारून, 2 मिमीपासून सुरुवात करा. तुटका स्क्रू काढणारा कडक एक्स्ट्रॅक्टर आतच मोडला तर साध्या ड्रिलने तोही निघत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय. आटे गेलेच तर 4 मिमीचा हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसतो.

जोडताना नवे स्क्रू आणि आट्यांना अगदी किंचित अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण). स्टेनलेसचे ॲलन स्क्रू टाकणार असाल तर ते लावायलाच हवं, कारण जस्तात स्टेनलेस जास्त लवकर धरतो. ॲलन चावीने जोर पटकन जास्त होतो. 2 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, म्हणजे पेचकसाची मूठ तीन बोटांत धरून येईल तेवढाच.

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या पितळी मिक्श्चर स्क्रूला मात्र ठोकायचं नाही. त्याचं सुईसारखं टोक आत तुटलं की त्या भोकापायी बॉडीच जाते. त्याला फक्त तेल, ऊब आणि दिवस द्या.

"जेटमधून तार फिरवा"

पायलट जेटचं (कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक बऱ्याच गाड्यांत 0.4 मिमीच्या आसपास असतं. पितळ मऊ, पोलादी तार कडक. तारेने ते 0.40 चं 0.42 झालं तरी डोळ्याला फरक दिसणार नाही. पण क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जेटचा नंबर बदलला. मग काळा स्पार्क प्लग आणि वाढलेलं पेट्रोल, आणि जेट तर साफ केलेला, म्हणून कारण सापडत नाही. वेल्डिंगच्या नोझलच्या सुया तर सरळ कानसच आहेत.

क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का बघा. काही टोचायचंच असेल तर मासेमारीची बारीक नायलॉन दोरी किंवा विजेच्या लवचीक वायरमधला तांब्याचा एकच धागा घ्या. जेटच्या अंगावरची आडवी बारीक भोकं विसरू नका, कारण पेट्रोलमध्ये हवा तिथूनच मिसळते.

"ओ-रिंग कुठलीही चालते, गळलं तर सिलिकॉन लावा"

नळाच्या ओ-रिंगा पुष्कळदा ईपीडीएम रबराच्या असतात. पाण्याला उत्तम, पेट्रोलमध्ये फुगून मऊ. इथे नायट्राइल हवं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर एफकेएम, म्हणजे ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात ते, जास्त टिकतं.

मापही तितकंच महत्त्वाचं. जुनी रिंग मोजून नवी आणू नका, ती दबून चपटी झालेली असते. खाचेची खोली मोजा. रिंगची जाडी साधारण 20 ते 25 टक्के दाबली गेली पाहिजे, म्हणजे 1.5 मिमी खोल खाचेला 2 मिमी जाडीची रिंग. जास्त जाड टाकली तर बाऊल टेकत नाही, मग स्क्रू जास्त आवळले जातात आणि बाऊलचे कान वाकतात.

साधा सिलिकॉन सीलंट पेट्रोलमध्ये फुगतो. आतल्या बाजूला आलेली त्याची कड सुटते, तिचा तुकडा तरंगत जेटपाशी जातो आणि गाडी चालता चालता बंद पडते. बाऊलच्या पॅकिंगला तो कधीच लावू नका. काढलेलं पॅकिंग फुगून खाचेत बसत नसेल तर फेकण्याआधी एक दिवस कोरडं ठेवा, बऱ्याचदा परत आकसतं.

मिक्श्चर स्क्रूच्या भोकातली रिंग हमखास विसरली जाते. स्क्रू आणि स्प्रिंग हातात येतात, पण बारीक वॉशर आणि त्याखालची इवलीशी ओ-रिंग आतच चिकटून राहते. टोक किंचित वाकवलेल्या बोथट तारेने ती अलगद काढा. जुनी तशीच ठेवून वर नवी टाकली तर स्क्रू पूर्ण बसत नाही आणि फेऱ्यांचा हिशोबच चुकतो. जोडताना क्रम: स्क्रू, स्प्रिंग, वॉशर, शेवटी टोकाकडे ओ-रिंग.

पेट्रोल ओव्हर होत असेल, म्हणजे बाऊल भरून बाहेर वाहत असेल, तर फ्लोटच्या नीडलचं (पेट्रोल आत येणं बंद करणाऱ्या सुईचं) टोक भिंगाखाली बघा. रबरी टोकावर गोल रेघ उमटली असेल तर नीडल बदला. पण नवी नीडल टाकूनही गळतंय तर सीटच्या (नीडल टेकते त्या जागेच्या) बाहेरची ओ-रिंग तपासा. ज्या कार्बोरेटरमध्ये सीट सुटी असते, तिथे पेट्रोल नीडलला वळसा घालून या रिंगजवळून झिरपतं आणि दोष नीडलला लागतो. व्हॅक्यूमवर स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) उचलणाऱ्या कार्बोरेटरमध्ये स्लाइडला जोडलेला पातळ रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅमही, बघा. स्लाइड बोटाने वर उचला, डायफ्रॅमच्या वरच्या पोकळीकडे जाणारं हवेचं भोक बंद करून सोडा. ती सावकाश उतरली तर ठीक, धपकन पडली तर कुठेतरी फाटलंय. डायफ्रॅमवर कार्ब क्लीनर मारायचा नाही.

"आवळा आणि दीड फेरा सोडा, सगळ्या गाड्यांना हेच"

मुळात हा स्क्रू गाडीगणिक दोन वेगळ्या प्रकारचा असतो. एअर फिल्टरच्या बाजूला असलेला हवा नियंत्रित करतो, तो सोडला की मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूचा मिश्रण सोडतो, तो सोडला की जाड. एकाला जे लागू ते दुसऱ्याला उलटं. काढण्याआधी स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. टेकल्यावर आवळलात तर टोकावर कंगोरा पडतो आणि ट्यूनिंग कधीच नीट लागत नाही. इंजिन गरम करून, पाव-पाव फेऱ्याने, सगळ्यात जास्त आणि सलग रेस मिळते ती जागा शोधा. मग आयडल स्क्रूने (उभ्या गाडीची रेस ठरवणाऱ्या) रेस खाली आणा. ती जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीनच्या पुढे सापडली तर स्क्रूचा नाद सोडा आणि पायलट जेट किंवा हवेची गळती तपासा.

रिपेअर किटबद्दल एकच: त्यातलं रबर वापरा, पण मूळ जेट शाबूत असतील तर तेच ठेवा. नंबर तोच छापलेला असला तरी किटमधल्या भोकाचं माप तंतोतंत असेलच असं नाही.

जोडणी झाली की लगेच किक मारू नका. पेट्रोलचा कॉक चालू करून गाडी 15 मिनिटं उभी ठेवा, बाऊलखाली कोरडा कागद धरा. मग इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. आधी ओव्हर होत होतं तेव्हाचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. वास आला किंवा ऑइलची पातळी विनाकारण वाढलेली दिसली, तर आधी ऑइल बदला आणि मगच इंजिन चालू करा.