फॉरमॅट केल्यावर फोटो ‘आत’ जात नाहीत, पुसले जातात

पावसाळ्यापासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. "छोटा डिजिटल कॅमेरा घेतलात? जपानी इंजिनिअरने सांगितलेल्या या आठ गोष्टी कंपनी तुम्हाला कधीच सांगणार नाही." खाली आठ मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण आणि शेवटी "आपल्या घरातल्या ज्येष्ठांपर्यंत नक्की पोचवा". तो माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्या चिपळूणला असते, निवृत्त शिक्षिका आहे. फोनच्या गुळगुळीत काचेवर तिचं बोट नीट बसत नाही, म्हणून मुलाने तिला बटणांचा छोटा कॅमेरा घेऊन दिला होता. ती तो मन लावून शिकत होती, कुठल्या बटणाने काय होतं ते वहीत लिहून ठेवत होती. मग हा मेसेज आला आणि शिस्तीच्या सवयीने तिने त्यातलं सगळं क्रमाने केलं. परिणामी नातीच्या बारशाचे फोटो गेले. मेसेज लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, नाहीतर हे त्यालाच सांगितलं असतं.

आठ मुद्द्यांतला चौथा सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. तो असा: "कार्ड भरत आलं की मेन्यूत जाऊन फॉरमॅट करा. फोटो कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत सुरक्षित जातात आणि कार्ड नव्यासारखं होतं. इंग्रजीत काहीतरी इशारा येईल, घाबरू नका, ओके दाबा."

हे शेवटचं वाक्य वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो इशारा नेमका याच वेळेसाठी ठेवलेला असतो. कार्डावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, एवढंच तो विचारतो. आत्याला ते इंग्रजी वाचता येत होतं. तिने वाचलंही. पण "घाबरू नका" असं आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे तिने स्वतःच्या वाचण्यापेक्षा मेसेजवर विश्वास ठेवला.

फॉरमॅटने काहीही कुठेही ‘जात’ नाही. कॅमेऱ्यात फोटो साठवणाऱ्या एसडी कार्डाचं मानक ठरवणारी संस्था म्हणजे एसडी असोसिएशन. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी ती २००० साली काढली. कार्ड फॉरमॅट करायचा स्वतःचा मोफत प्रोग्रॅमही ती देते. फॉरमॅट सुरू करण्याआधी तो प्रोग्रॅमच बजावतो की कार्डावरचा सगळा डेटा जाईल. त्यात दोन प्रकार आहेत. झटपट फॉरमॅटमध्ये कार्डावरची फाइलींची नोंद नव्याने मांडली जाते, तर दुसऱ्या प्रकारात अख्ख्या कार्डावर पुन्हा लिहून जुना डेटाही घालवला जातो. फोटो दुसरीकडे हलवणारा तिसरा प्रकार त्यात नाही, कारण फॉरमॅटचं ते कामच नाही. ज्यांनी कार्ड बनवलं त्यांचं ऐकायचं की निनावी ‘जपानी इंजिनिअर’चं, ते तुम्हीच ठरवा.

आता यात अर्धं खरं काय आहे, तेही सांगते. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत, विशेषतः थोड्या जुन्या, आतली मेमरी खरंच असते. पण ती असते काही एमबींची. कार्डच घातलेलं नसेल तर चार-सहा फोटो निघावेत, एवढ्यापुरती. कार्डावरचे शेकडो फोटो तिच्यात मावणारच नाहीत. दुसरं म्हणजे, नवीन कार्ड आणलं की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्यावं हे बरोबर आहे, आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवल्यानंतर अधूनमधून तसं करणंही चांगलं. मुद्दा ‘नंतर’चा आहे. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला, डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसेल, ते आख्खं कॉम्प्युटरवर कॉपी करा. मग कॉम्प्युटरवरचे चार-पाच फोटो उघडून मोठे करून बघा. जमल्यास आणखी एका डिस्कवर प्रत ठेवा. एवढं झाल्यावर कार्ड परत कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. एसडी कार्डाच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती खाली सरकवली की कार्डावर नवीन काही लिहिलं जात नाही, पुसलंही जात नाही. ज्या घरात कॅमेरा हातोहाती फिरतो तिथे महत्त्वाच्या कार्यक्रमानंतर लगेच ती सरकवून ठेवा.

आणि चुकून ओके दाबलं गेलंच असेल तर पहिलं काम म्हणजे कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढणं. त्यानंतर एकही फोटो काढायचा नाही. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं असतं. मजकूर अजून पानांवर असतो, पण त्याच पानांवर नवं काही लिहिलं की तोही जातो. म्हणूनच काही कॅमेऱ्यांत मिळणारा, जुना मजकूरही घालवणारा ‘लो लेव्हल फॉरमॅट’चा पर्याय उगाच निवडू नये. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो फाइलींची यादी न बघता कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो आणि फोटोच्या खुणा ओळखून जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. आत्याच्या कार्डावर तोच चालवला. पण फॉरमॅटनंतर तिने अंगणातल्या जास्वंदीचे भरपूर फोटो काढले होते. बारशाचे काही फोटो सापडले, काही नाही. एका फोटोत वरच्या अर्ध्यात पाळण्याची दोरी आणि झेंडूची माळ आहे, खाली सपाट करडा रंग. बाळ त्या खालच्या भागात होतं.

सापडलेल्या फोटोंना मूळ नावं नव्हती. ती फॉरमॅटमध्येच जातात, फोटोरेक स्वतःचे नंबर देतो. मग कुठला फोटो कधीचा हे ओळखायला फोटोच्या आत नोंदलेली तारीख-वेळ, म्हणजे एक्झिफची माहिती, एवढाच आधार उरतो. इथे मेसेजचा दुसरा मुद्दा आडवा आला: "तारीख विचारली तर सोडून द्या, नाहीतर ती फोटोवर छापली जाते." फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकडे छापायचे की नाही, हे मेन्यूतलं वेगळं सेटिंग असतं. ते बंद ठेवायला माझी काहीच हरकत नाही, उलट ठेवाच. पण घड्याळ लावायलाच हवं. आत्याच्या सगळ्या फोटोंवर एकाच वर्षाची १ जानेवारी होती, कारण कॅमेऱ्याने तारीख विचारली तेव्हा तिने मेसेजबरहुकूम ती सोडून दिली होती.

मुळात कॅमेऱ्याने तारीख पुन्हा विचारली कशाला? तर तिसऱ्या आणि सातव्या मुद्द्यामुळे. तिसरा सांगतो, बॅटरी पहिल्यांदा बारा तास चार्ज करा आणि त्यानंतर दर वेळी पूर्ण संपेपर्यंत वापरा. सातवा सांगतो, पावसाळ्यात बॅटरी काढून कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवा. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत घड्याळ चालू ठेवणारा एक छोटा सेल आत असतो आणि तो मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो. मुख्य बॅटरी काही आठवडे पूर्ण उतरलेली किंवा बाहेर राहिली की तो उतरतो आणि घड्याळ पुसलं जातं.

बॅटरी पूर्ण संपवायची ही कल्पना निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे. तेव्हा ती निराधार नव्हती. पहिलं चार्जिंग रात्रभर करायचं हेही त्या काळच्या सावकाश चार्जरना धरून होतं. आजच्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक लिथियम-आयन बॅटरी असते, तिच्यावर तसं छापलेलंही असतं. ती भरली की चार्जर स्वतःच थांबतो, त्यामुळे बारा तासांतले बरेचसे तास नुसते वाया जातात. नुकसान होतं ते दुसऱ्या सल्ल्याने. लिथियम-आयनला तळ गाठणं मानवत नाही. पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवून दिली तर ती आणखी खाली जाते आणि मग चार्जर तिला ओळखतही नाही. कॅमेरा बराच काळ लागणार नसेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा, थंड जागी, आणि अधूनमधून चार्ज करा. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठेवून देताना सेल काढाच, नाहीतर गळून आतले पत्रे गंजतात.

तांदळाचा डबा! कोकणातल्या पावसात लेन्सला बुरशी येते ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण तांदळाला पीठ असतं. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू करताना एकात एक बसलेल्या नळ्यांतून पुढे सरकते आणि त्या नळ्यांच्या फटींत हे पीठ बसतं. आत्याचा कॅमेरा आता चालू करताना करकरतो. ओल्या आयफोनलासुद्धा तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होईल, असं ॲपलने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं, पुड्या मात्र ओलावा धरल्यावर बदलायच्या. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा वापरात ठेवा. चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात टाकलेल्या लेन्सवर बुरशी आधी येते.

आता पाचवा मुद्दा. याने फोटो पुसले जात नाहीत, पण शिकणाऱ्याचं शिकणं बिघडतं: "बटण एका झटक्यात पूर्ण दाबा, हळू दाबलंत तर फोटो हलतो." बरोबर उलटं आहे. झटका दिला की कॅमेऱ्याचा उजवा कोपरा खाली जातो आणि घरातल्या मंद उजेडात फोटो पुसट येतो. शिवाय कॅमेऱ्याला फोकस करायला वेळच मिळत नाही. ते बटण दोन टप्प्यांचं असतं. बोट हळूच खाली न्या, अर्ध्यावर हलका अडसर लागतो, तिथे थांबा. पडद्यावरची चौकट हिरवी होईल, बहुतेक कॅमेऱ्यांत बीप वाजेल. मग उरलेलं दाबा. चौकट लाल किंवा पिवळी होऊन लुकलुकत असेल तर तुम्ही फार जवळ आहात किंवा समोर सपाट, एकरंगी काहीतरी आहे. मागे सरका, किंवा फुलाच्या चित्राचं बटण दाबून जवळचा मोड घ्या.

याचा सराव खिडकीपाशी करा. गजांतून बाहेरचं झाड दिसतंय आणि कॅमेरा सारखा गजांवरच फोकस करतोय असं होईल. तेव्हा दोन गजांच्या मधून नुसतं झाड चौकटीत घ्या, अर्धं बटण दाबून धरा, चौकट हिरवी झाली की बोट न सोडता कॅमेरा हवा तसा फिरवा आणि मग पूर्ण दाबा. गज धूसर, झाड स्वच्छ. छोट्या कॅमेऱ्यातली एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. मेसेजने नेमकी हीच काढून घेतली.

"जितके मेगापिक्सेल जास्त तितका रात्रीचा फोटो स्वच्छ" हा सहावा. कॅननने २००८ मध्ये जी१० हा छोटा कॅमेरा आणला, १४.७ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोत जवळपास दीड कोटी ठिपके. पुढच्याच वर्षी जी११ आणला तो १० मेगापिक्सेलचा, सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, तेवढ्याच आकाराचा. कंपनीने आकडा स्वतःहून खाली आणला, कारण तेवढ्याशा जागेत कमी ठिपके ठेवले तर प्रत्येकाला प्रकाश जास्त मिळतो आणि अंधारातला फोटो कमी खरखरीत येतो. साध्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद असतो, एक इंची म्हणवणारा १३ मिमीच्या आसपास. कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकानात हे विचारा. सहा बाय चारच्या प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. कॅमेरा आधीच घेतलेला असेल तर मेन्यूत फोटोचा आकार सर्वांत मोठा ठेवा. मेसेजमध्येही हे आहे आणि तेवढं बरोबर आहे.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. डिजिटल झूम "कायम चालू" ठेवायचा नाही, मेन्यूत जाऊन बंदच करायचा. तो फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो आणि ते काम नंतर कॉम्प्युटरवरही होतं. फ्लॅशही कायम चालू ठेवायचा नाही. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, नाट्यगृहात मागच्या रांगेतून तो फक्त पुढच्यांची डोकी उजळतो. भर दुपारी कुणाच्या चेहऱ्यावर टोपीची किंवा पदराची सावली पडली असेल तर मात्र जरूर लावा.

ज्येष्ठांना कॅमेरा शिकवायचा असेल तर मेसेज पाठवून चालणार नाही, अर्धा तास शेजारी बसायला हवं. घड्याळ लावा, डिजिटल झूम बंद करा, अर्धं बटण दाबून दाखवा, कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका किंवा कंपनीच्या साइटवरची पीडीएफ उघडून फॉरमॅटचं पान दाखवा. जुना कॅमेरा असेल तर ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड आणू नका, बरेच जुने कॅमेरे ते वाचतच नाहीत.

आणि हा मेसेज तुम्ही कुठे पुढे पाठवला असेल तर तो नुसता डिलीट करून थांबू नका. ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचलाय. त्याच ग्रुपवर आजच एक ओळ लिहा: चौथा मुद्दा चुकीचा आहे, फॉरमॅट केल्यावर फोटो पुसले जातात, कुणी केलं असेल तर कार्ड बाहेर काढून ठेवा आणि त्यावर नवीन फोटो काढू नका.