‘पार्व्होवर औषध नाही, मग दवाखाना कशाला?’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो हा विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार झाला तर त्याला दवाखान्यात ठेवू नका, असं तो सांगतो. कारणं अशी दिली आहेत: या विषाणूवर औषधच नाही, दवाखान्यात नुसती सलाईन लावतात, ते मीठ-साखरेचं पाणी घरीच पाजा, पोटाला आराम म्हणून पिल्लाला उपाशी ठेवा, दवाखान्यात ते एकटं पडून खचतं आणि वर दुसरेच रोग घेऊन घरी येतं.

प्राण्यांच्या दवाखान्यात, संसर्गजन्य रुग्णांच्या खोलीत मी रात्रपाळ्या केल्या आहेत. असे सल्ले ऐकून दोन दिवस घरी ठेवलेली आणि मग टॉवेलात गुंडाळून आणलेली पिल्लं मी हातात घेतली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘औषधच नाही.’ हा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्याला थेट अडवणारं औषध नव्हतं, हे खरं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एका अँटिबॉडी इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली, पण आजही बहुतेक पिल्लं त्याच्याशिवायच बरी होतात. कशी? विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो: आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर सोलून निघतं, उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांतून शरीरातलं पाणी जातं, साखर घसरते. रक्तपेशी मगजातच तयार होतात, त्यामुळे त्यावर घाला पडला की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उरत नाहीत आणि आतड्यातले जिवाणू सरळ रक्तात शिरतात. पिल्लू मरतं ते या सगळ्यानं, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे: शिरेतून पाणी, पोटॅशियम आणि ग्लुकोज, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, जिवाणूंसाठी अँटिबायोटिक्स. विषाणूचा बंदोबस्त पिल्लाचं शरीर काही दिवसांत स्वतः करतं. तेवढे दिवस त्याला तगवून धरायचं, हाच उपचार. उपचाराविना दहातली नऊ पिल्लं जाऊ शकतात. वेळेवर भरती केलं तर दहातली आठ-नऊ वाचतात. ‘नुसती सलाईन’ म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा नीट बघावा.

‘मीठ-साखरेचं पाणी घरी पाजा.’ मला सगळ्यात जास्त राग येतो तो या सल्ल्याचा. दर तासाला उलटी करणाऱ्या पिल्लाच्या पोटात पाणी टिकणार कसं? सिरिंजनं जबरदस्तीनं पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि वर न्यूमोनिया होतो. शरीर किती सुकलंय हे हाताला कळतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसायला हवी. या पिल्लांची तशीच तंबूसारखी उभी राहते. हिरड्या बोटाला चिकटतात, पाय गार लागतात. पुढच्या पायावरचे केस काढून आम्ही शीर शोधतो तेव्हा ती दोऱ्याएवढी झालेली असते, आणि उशीर जितका जास्त तितकी ती सापडणं अवघड. असं पिल्लू तोंडानं पाणी पिऊन सावरत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भरती न करता उपचार करण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत तिचा अभ्यास झाला: ४० कुत्री, निम्मी भरती केलेली, निम्मी या पद्धतीनं. पहिल्या गटातली ९० टक्के जगली, दुसऱ्यातली ८० टक्के. मेसेजवाले या अभ्यासाचा दाखला देतात, पण त्या दुसऱ्या गटालाही आधी शिरेतून पाणी देऊन सावरलं होतं, मग कातडीखाली ठरावीक वेळांनी सलाईन, उलटीचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं, आणि सतत तपासणी ठेवली, हे सांगत नाहीत. भरती करणं खरोखरच शक्य नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा आणि ही पद्धत जमेल का ते विचारा.

‘उपाशी ठेवा.’ हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकातून नळी घालून पहिल्याच दिवसापासून थोडं थोडं अन्न दिलेली कुत्री लवकर सुधारली. आतड्याच्या पेशी आतून जाणाऱ्या अन्नावरही जगतात, त्यामुळे उपास लांबला की अस्तर भरून यायलाही वेळ लागतो.

‘एकटं पडून खचतं.’ वेगळी खोली इतर रुग्णांसाठी आहे, शिक्षा म्हणून नाही. शिवाय ते एकटं नसतं. रात्री दर थोड्या वेळानं कुणीतरी त्याला पुसतं, कोरडं करतं, कुशीवर वळवतं. पहिल्यांदा शेपटी हलते ती आम्हीच पाहतो.

‘दुसरे रोग घेऊन येतं.’ ही भीती मात्र अनाठायी नाही. म्हणूनच भरती करण्याआधी विचारा: अशा रुग्णांसाठी वेगळी खोली आहे का? तिथले गाऊन, ग्लोव्हज, थर्मामीटर, बादली वेगळी आहे का? तिथे काम करणारी व्यक्ती बाकीचे रुग्ण आटोपून शेवटी तिकडे जाते का? निघताना आधी फोन करा, पिल्लाला गाडीतच ठेवा, प्रतीक्षाकक्षाच्या फरशीवर उतरवू नका. चांगला दवाखाना हे स्वतःहूनच सांगतो.

आणि घर सुरक्षित, हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचं? हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. हाताला चोळायचं सॅनिटायझर आणि फरशीची बरीच जंतुनाशकं त्याला मारत नाहीत. आधी सगळी घाण धुऊन काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं फरशीवर ओलं राहू द्यायचं. पिल्लाला घरी सोडल्यावरही काही आठवडे त्याच्या शीतून विषाणू बाहेर पडू शकतो. तेवढे दिवस त्याला लसीचे डोस पूर्ण न झालेल्या इतर पिल्लांपासून लांब ठेवा, आणि त्याची भांडी वेगळीच राहू द्या.